हीटर रॉड जपा, घरातली माणसे जपा



दिवाळी सरली की आपल्या सिंदेवाहीकडे पहाटेची थंडी अंगात शिरते. म्हातारी माणसे, लहान लेकरे, बाळंतीण यांना आंघोळीला गरम पाणी लागतेच. पूर्वी त्यासाठी चुलीवर गंज चढायचा आणि चुलीसाठी जंगलातून सरपण यायचे. आता जंगलात जाताना जीव मुठीत धरावा लागतो. मे २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. सरपणाला जाणाऱ्या बायांची वाटही त्याच जंगलातून जाते. त्यामुळे वस्तीतल्या अनेक घरांत बादलीत टाकायचा हीटर रॉड आला, हे चांगलेच झाले. धूर कमी झाला, जंगलाची फेरीही कमी झाली.

मात्र एक गोष्ट आम्हाला कळकळीने सांगायची आहे. बिघडलेला रॉड बंदच पडतो असे नाही. कित्येकदा तो पाणी तापवत राहतो आणि त्याच पाण्यात करंटही सोडतो. म्हणून रॉडची निगा राखली की पैसा वाचतो आणि जीवही.

रॉड खराब का होतो?

रॉडच्या नळीच्या आत एक बारीक तार असते, तीच तापते. तारेभोवती पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण करंट अडवते. बोअर आणि हातपंपाच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी तापले की ते क्षार नळीवर पांढऱ्या थराने चिकटतात. थर जाड झाला की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. नळी प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी तडकते. तडकलेल्या जागेतून पाणी भुकटीत शिरते. मग करंट अडवणारे काहीच उरत नाही.

थर कसा काढावा?

हिवाळ्यात महिन्यातून एकदा हे काम करावे.

१) प्लग काढून रॉड पूर्ण थंड होऊ द्यावा.
२) प्लास्टिकच्या उंच भांड्यात कोमट पाणी घ्यावे. एका लिटरला दोन चमचे लिंबूसत्त्व टाकावे. ते नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घ्यावे.
३) रॉडचा फक्त तापणारा भाग तासभर त्यात बुडवून ठेवावा. वायर जिथे जोडली आहे ते टोपण कोरडेच राहिले पाहिजे. या वेळी रॉड चुकूनही सुरू करू नये.
४) सुटलेला थर जुन्या टूथब्रशने घासावा. चाकू, दगड किंवा तारेची घासणी वापरू नये, त्याने नळीवर ओरखडे पडतात.
५) साध्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावरच रॉड वापरावा.

रोज वापरताना

रॉड आधी पाण्यात ठेवावा, मगच बटण दाबावे. नळीवर खुणेची रेघ असते, पाणी तिथपर्यंत असावे. कोरडा रॉड सुरू केला तर तो काही क्षणांतच जळतो. १५०० वॅटच्या रॉडने २० लिटरची बादली साधारण २५ मिनिटांत आंघोळीपुरती तापते, तेवढ्याच वेळेचा गजर लावावा. पाणी तापले की आधी बटण बंद करावे, मग प्लग काढावा, दोन मिनिटे थांबावे आणि नंतर रॉड बाहेर काढावा. प्लग लावलेला असताना पाण्यात बोट घालून बघू नये. बादली प्लास्टिकची असावी. पायात कोरडी चप्पल असावी. लेकरांना त्या जागेपासून दूर ठेवावे. हे पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकाला वापरू नये.

बोर्ड आणि अर्थिंग

१५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर करंट ओढतो. पंख्याचे, दिव्याचे बोर्ड ६ अँपिअरचे असतात. म्हणून तिथे प्लग गरम होतो, वितळतो. रॉडसाठी १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट बसवावे. दोन पिनांचा स्वस्त रॉड घेऊ नये. तीन पिनांचा, आयएसआय खुणेचा घ्यावा आणि त्याची मोठी पिन कधी तोडू नये, कारण ती अर्थिंगची असते.

जमिनीत अर्थिंगच नसेल तर तिसरी पिनही कामाची नाही. रमाई आवासचे घरकुल बांधताना भिंत आणि छताकडे लक्ष जाते, अर्थिंग राहून जाते. वायरमनकडून ते तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकावे. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. पाण्यात करंट उतरला की ती क्षणात वीज तोडते. तिचा खर्च एकदाच होतो.

नळीवर तडा किंवा खड्डा दिसला, हाताला झिणझिण्या आल्या, प्लग काळा पडला किंवा आरसीसीबी वारंवार पडू लागली, तर रॉड फेकून द्यावा. असा रॉड दुरुस्त करून वापरू नये.

ज्यांच्याकडे विजेचा गिझर आहे त्यांनी हिवाळ्यापूर्वी कारागिराकडून टाकी आणि कॉइल साफ करून घ्यावी. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलावा, कारण तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये लावू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो.

शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या बांबूने किंवा लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाब देत राहा, मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस लगेच उठून बसला तरी दवाखान्यात दाखवा, कारण शॉकचा परिणाम हृदयावर उशिराही दिसू शकतो.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा. चार-पाच घरांनी मिळून एक वायरमन बोलावला तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडाच येईल आणि सगळ्या घरांचे अर्थिंग एकाच दिवशी तपासून होईल.

जयभीम!