मॅक्रोद्वारे साठा-नोंदींची नक्कल : काही दक्षता

अनेक औषधालयांत मासिक उत्पादनाच्या नोंदी एका एक्सेल फाइलमध्ये, तर वार्षिक साठा-नोंदवही दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली जाते. दरमहा हाताने नक्कल करताना एखादी ओळ गळते वा दोनदा उतरते. हे काम मॅक्रोकडे सोपविणे इष्ट होय. मात्र मॅक्रोला तारतम्य नसते, हे ध्यानी असावे.

बॅच क्रमांक ‘००१२’ असेल व नव्या फाइलचा स्तंभ ‘जनरल’ स्वरूपाचा असेल, तर मॅक्रोने मूल्य लिहिताच तेथे केवळ १२ उरतात. ‘५-१२’ची तर तारीख होते. मजकूर म्हणून साठविलेला ‘०३/०४/२०२७’ हा दिनांक अमेरिकी क्रमाने वाचला जाऊन ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. औषध नियमावलीतील नियम १६१-ब लेबलवर कालबाह्यता-दिनांक मागतो. नोंदवही लेबलशी जुळली नाही, तर सदोष बॅच परत मागविताना नेमक्या बाटल्या शोधणे दुष्कर होते.

यास्तव आम्ही पुढील क्रम सुचवितो :

१. मूळ फाइलींची प्रत आधी राखावी; मॅक्रोने केलेला बदल ‘अनडू’ने मागे घेता येत नाही.

२. बॅच-स्तंभास प्रथम ‘टेक्स्ट’ स्वरूप द्यावे. दिनांक खऱ्या तारखेच्या रूपातच भरावेत.

३. शेवटच्या भरलेल्या ओळीखाली लेखन व्हावे. आधीच नोंदलेली बॅच वगळली जावी.

४. अखेरीस उतरविलेल्या ओळींची संख्या व परिमाणांची बेरीज मूळ फाइलशी ताडावी.

नक्कल यंत्राने करावी. पडताळणी मात्र वैद्यानेच करावी.