दुर्लक्षिलेली दाढ

पहिलीच्या वर्गातील मुलांचे पुढचे दात पडू लागले की घरात त्याचे कौतुक होते. पडलेला दात कौलावर फेकण्याची रीतही पुष्कळ घरांत पाळली जाते. याच सुमारास जबड्याच्या मागील बाजूस, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पाठीमागे, एक नवी दाढ गाजावाजा न करता उगवते. तिच्यासाठी आधीचा कोणताही दात पडावा लागत नाही. त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते व ‘पडेल आणि दुसरी येईल’ असे समजून तिच्या किडीकडे काणाडोळा केला जातो. वस्तुतः ती कायमची दाढ होय. वर दोन व खाली दोन अशा या चार दाढा साधारणतः ६ व्या वर्षी येतात आणि गेल्यावर पुन्हा येत नाहीत. चौथी-पाचवीतील मूल गालाला हात लावून बसलेले दिसते, तेव्हा दुखत असते ती पुष्कळदा हीच दाढ असते.

या दाढेच्या माथ्यावर बारीक, खोल घळी असतात. त्यांत अन्न अडकते आणि तेथे दातवणाचे बोट अथवा कुंचला नीट पोहोचत नाही. तोंडातील सूक्ष्म जंतू त्या अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळते. ही उपपत्ती बर्लिन येथील मिलर यांनी १८९० साली मांडली. दातात प्रत्यक्ष किडा असतो हा समज त्याहून फार जुना. ‘कीड लागणे’ हा शब्दप्रयोग त्याचीच खूण आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे पाडणारे’ बाजारात बसत, परंतु दाढेत किडा नसतोच, तर तो पडणार कोठून?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस आला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. म्हणून उसालाच दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. सुप्याकडील जिरायत गावांतही मूल दिवसातून चार वेळा गोड चहा, बिस्किटे व चिकट गोळ्या खात असेल तर परिणाम तोच. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे, कारण प्रत्येक खेपेस दातावर आम्लाचा नवा हल्ला होतो.

कीड वरच्या कवचात असेपर्यंत दुखत नाही. ती आत उतरली की गार पाणी व गोड पदार्थ झोंबू लागतात. या टप्प्यावर दाढ साफ करून भरता येते व ती वाचते. कीड गाभ्यातील मज्जेपर्यंत पोहोचली की रात्रभर ठणका लागतो. घरी लवंगेचे तेल लावतात, मोठी माणसे दाढेत तंबाखू धरतात. पुढे एके दिवशी ठणका आपोआप थांबतो आणि घरच्यांना हायसे वाटते. हीच खरी फसगत होय. दाढ बरी झालेली नसते, तिची मज्जा मेलेली असते. पू मुळाशी साचत जातो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो. सूज जबड्याखाली व गळ्याकडे उतरली, तोंड उघडेनासे झाले, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर ते प्राणावरचे संकट असते. अशा मुलास त्याच दिवशी, मग तो बाजाराचा दिवस असो वा सुगीचा, रुग्णालयात न्यावे लागते.

दवाखान्यात जायचे तर आईचा किंवा बापाचा रोज बुडतो, ही अडचण खरी आहे. परंतु त्याहून मोठा अडसर भीतीचा असतो, आणि ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ असे सांगून ती भीती मोठी माणसेच रुजवितात. शाळेतही हे वाक्य अधूनमधून ऐकू येते! १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून दात काढला. त्यापूर्वी दात काढणे म्हणजे खरोखरच यातना होत्या. आता हिरडीत सुईने औषध घालून तेवढाच भाग बधिर करतात. सुई क्षणभर टोचते. काही मिनिटांनी ओठ जड वाटू लागतो. त्यानंतर दाब व हालचाल जाणवते, दुखणे जाणवत नाही. दाढ झटका देऊन ओढली जात नाही. तिच्या मुळाभोवतीचे हाड किंचित लवचीक असते. हत्याराने दाढ हलकेच डोलवून तिची खोबण रुंद करतात आणि मग ती बाहेर घेतात. पू झालेल्या जागी बधिरतेचे औषध नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर कधी आधी काही दिवस गोळ्या देतात. पालकांना ही चालढकल वाटते, तसे नसते.

दाढ कोठे काढावी याविषयी संदेह नसावा. कायद्यानुसार नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच जावे. सरकारी उपजिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास खर्चाचा भारही हलका होतो. मोठ्या माणसाने मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अथवा गरोदरपण यांविषयी आधीच सांगावे.

वरची दाढ काढली तर डोळा जातो, असा समज खेड्यांत व शहरांतही आढळतो. दातांची संवेदना वाहणारी नस वेगळी व दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट वरच्या दाढेची सूज डोळ्याखाली चढलेली अनेकांनी पाहिलेली असते, आणि ती दाढ न काढल्यामुळे आलेली असते.

दाढ काढल्यावर कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरतात. खोबणीत रक्ताची गुठळी जमते. तीच जखमेचे झाकण. पहिला दिवसभर चूळ भरू नये, वारंवार थुंकू नये. गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी हाड उघडे पडून पुन्हा तीव्र दुखू लागते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी. तंबाखू व मिसरी यांनी जखम चिघळते. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: बधिर ओठ गंमत म्हणून चावण्याची त्यांना खोड असते, म्हणून बधिरता उतरेपर्यंत त्यांना खायला न देता जवळ बसवावे. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकते. त्या दिवशी मात्र त्याला कवायतीतून सूट द्यावी.

एवढे करूनही खोबण भरते, पण जागा रिकामी राहते. १२ व्या वर्षाच्या सुमारास येणारी पुढची दाढ त्या पोकळीकडे कलते, समोरची दाढ खाली अथवा वर सरकते, आणि चावण्याची घडी बिघडते. म्हणून काढण्यापेक्षा भरणे केव्हाही बरे, व त्यासाठी कीड वेळेवर दिसली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते तेव्हा दातही पाहिले जातात. पण दोन भेटींमध्ये दीर्घ काळ जातो. पहिली व दुसरीच्या मुलांना सकाळी ओसरीच्या उजेडात तोंड उघडावयास सांगून शिक्षकाने मागील दाढ पाहिली, तर तिच्या माथ्यावरील तपकिरी अथवा काळा ठिपका सहज दिसतो. अशा मुलांची नावे वेगळी लिहून ठेवावीत, पथकास दाखवावीत आणि पालकास बोलावून एवढेच सांगावे की, ही दाढ दुधाची नव्हे.