हात जमिनीला टेकत नाही? मग वीट घ्या!

फुलसावंगीहून मी बोलतोय. ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी इथे लिहून देतोय. ढंग बोलण्याचाच ठेवलाय.

मोबाईलवर योगाचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. समोरच्याचं अंग रबरासारखं वळतं. मग आपण वाकून बघतो, हात जेमतेम गुडघ्याच्या खाली जातात, आणि आपण व्हिडिओ बंद करतो. माझ्या आईचंही तेच. कापूस वेचून आली की कंबर धरून म्हणते, "मले आता काय योगा जमते बाबू!"

आज ज्यांची गोष्ट सांगतोय, त्यांनाही सुरुवातीला काहीच जमत नव्हतं. बी. के. एस. अय्यंगार. जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूर गावचा. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं होऊन गेलेलं. हातपाय काडीसारखे. १९३४ मध्ये ते म्हैसूरला बहिणीच्या घरी गेले. मेहुणे म्हणजे प्रसिद्ध योगशिक्षक टी. कृष्णमाचार्य. शिस्त फार कडक. एकदा त्यांनी लोकांसमोर अय्यंगारांना हनुमानासन करायला लावलं. म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही सरळ पसरून बसायचं. तयारी काहीच नव्हती. मांडीमागचे स्नायू फाटले, आणि पुढे बराच काळ नीट चालताही येईना.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३७ मध्ये त्यांना पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं, सहा महिन्यांसाठी. थोडंफार इंग्रजी येत होतं म्हणून त्यांची निवड झाली. वय अठरा, मराठीचा गंध नाही, आणि शिकायला येणारी पोरं मास्तरांपेक्षा धडधाकट! तरी ते तिथेच राहिले, २०१४ मध्ये जाईपर्यंत. मधल्या काळात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भेटले आणि त्यांच्यामुळे युरोपची दारं उघडली. १९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक आलं, १९७५ मध्ये पुण्यात संस्था उभी राहिली.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्याकडे आजारी, म्हातारी, आखडलेली माणसं यायची. त्यांना जबरदस्तीने वाकवलं तर काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या पायावर भोगलं होतं. म्हणून त्यांनी वीट, पट्टा, खुर्ची, भिंतीतला दोर, घोंगडी असं साहित्य वापरायला सुरुवात केली.

त्रिकोणासन घ्या. पाय फाकवून बाजूला वाकायचं, हात खाली न्यायचा. आपण हट्टाने जमीन गाठतो, तेव्हा छाती खाली वळते, गुडघा वाकतो, श्वास कोंडतो. हात टेकला, पण आसन गेलं. तोच हात उभ्या विटेवर ठेवा. छाती उघडी राहते, कणा लांब राहतो, श्वास चालू राहतो. शरीर जमिनीपर्यंत जात नसेल तर जमीन वर आणायची, एवढंच.

सगळं गोड नाही सांगत. ते स्वतःही फार कडक होते, वर्गात ओरडायचे, चापट मारायचे. ते आपण घ्यायची गरज नाही. पण १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात त्यांच्याच पाठीला मार लागला, तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने त्याच साहित्याच्या आधाराने पुन्हा सुरुवात केली. मला हे जास्त शिकवून जातं.

आता माझ्या आईपुरतं सांगतो. भिंतीसमोर उभी राहते, कमरेच्या उंचीवर तळवे टेकवते, आणि हळूहळू मागे सरकत पाठ लांब करते. दुखलं की थांबते. चार-पाच श्वास, बस. तुमची कंबर जुनी दुखत असेल, पायात मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांनी अंगणातली एक वीट धुऊन घ्या, वर जुनं कापड गुंडाळा. हात कुठवर पोचला ते मोजू नका. श्वास मोकळा आहे का, तेवढं बघा.

भेटू पुढच्या भागात!