आधी सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आठवड्याभरात मला दोन-तीन फोन ठरलेले. गाडी दहा-बारा वर्षांची, सनरूफवाली. कुणाच्या ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं झालेलं असतं, कुणाच्या गाडीत ब्रेक मारला की छतातल्या दिव्यातून पाण्याची धार लागते. गॅरेजवाला काय म्हणाला असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: "रबर गेलंय म्हणतोय. सिलिकॉन मारून कायमचं बंद करून टाकू म्हणतोय."

हे वाक्य ऐकून ऐकून आता माझी चिडचिड होते. निदान चुकीचं, उपाय त्याहून चुकीचा, आणि त्यापायी चांगल्या गाड्या आतून सडतात.

लोकांच्या डोक्यात सनरूफ म्हणजे कुकरचं झाकण आणि त्याभोवतीचं रबर म्हणजे कुकरची रिंग. रिंग सैल झाली की वाफ जाते, तसं रबर सैल झालं की पाणी येतं. सनरूफ असं चालतच नाही. काचेभोवतीचं रबर वाऱ्याचा आवाज अडवतं, पाण्याचा मोठा लोंढा अडवतं. पण सरकणाऱ्या काचेच्या कडेने थोडं पाणी आत उतरणारच, हे ती बनवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं असतं. म्हणून काचेच्या खाली कडेकडेने एक पन्हळ असते आणि बहुतेक गाड्यांत तिच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा पुढच्या चाकावरच्या पोकळीत मोकळ्या होतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून जाऊन बंपरच्या आतल्या बाजूला सुटतात. पाणी पन्हळीत येतं, नळीतून जमिनीवर जातं, आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. शोरूममधून कालच आणलेल्या गाडीतही हेच चालू असतं.

म्हणजे पाणी काचेखाली आलं हा बिघाड नव्हे. ते खाली गेलं नाही, हा बिघाड. गच्चीच्या पन्हळीत पानं अडकून पाणी तुंबलं तर आपण पानं काढतो, गच्चीवर सिमेंट ओतत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करायला सगळे तयार असतात.

पाण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. सनरूफची काच ८० सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटर धरली, तर १०० मिलिमीटर पावसात तिच्यावर ३६ लिटर पाणी पडतं. त्यातलं बहुतेक वरच्यावर वाहून जातं. पण विसावा हिस्सा जरी कडेने उतरला, तरी पावणेदोन लिटरहून जास्त पाणी पन्हळीत आलं. नळ्या मोकळ्या असतील तर कळणारही नाही. बंद असतील तर ते छताच्या कापडात, खांबांच्या आत आणि कार्पेटखालच्या फोममध्ये जातं.

नळ्या तुंबतात कशाने? गाडी ज्या झाडाखाली उभी असते, त्या झाडाने. गुलमोहराचं आणि चिंचेचं पान म्हणजे सेंटिमीटरभर पर्णिकांची रांग. त्या सुट्या होऊन काचेच्या फटीत शिरतात आणि करंगळीपेक्षा बारीक नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. एप्रिल-मेमध्ये सोनमोहराच्या पाकळ्यांचा पिवळा सडा पडतो, त्यावर बांधकामांची धूळ बसते आणि पहिल्या पावसात या सगळ्याचा चिखल होतो. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चोचीसारखी रबरी झडप असते, ती गाळाने आतून चिकटते. पावसाळा सुरू व्हायच्या आधीच नळी बंद झालेली असते, कळतं मात्र पावसात.

हे माझं एकट्याचं मत आहे असं कुणाला वाटत असेल, तर अमेरिकेतला एक खटला सांगतो. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाडीमालकांनी तिथे सामूहिक दावा लावला होता, 'ड्युई विरुद्ध फोक्सवॅगन'. त्यावर २०१२ साली थर्ड सर्किट अपील न्यायालयाचा निकाल आला. मालकांचं म्हणणं होतं की झाडांचा कचरा आणि परागकण साचून सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबतात आणि पाणी गाडीत शिरतं. न्यायालयापर्यंत गेलेलं भांडणही पाण्याच्या वाटेचं होतं.

आता सिलिकॉन काय करतं ते बघा. फट बाहेरून बुजली तरी पन्हळीतला गाळ तसाच राहतो. उन्हाने पत्रा तापतो, रात्री थंड होतो, त्या ओढाताणीत सिलिकॉन एखाद्या ठिकाणी सुटतं आणि तिथून पाणी पुन्हा आत येतं. आता मात्र काच उघडत नाही, त्यामुळे नळ्या वरून साफ करायची सोय संपली. त्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं असेल, तर ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि उघड्या धातूला गंज चढायला मदत करतं. शिवाय कुणी नकळत बटण दाबलंच, तर चिकटलेली काच ओढता ओढता आतले प्लॅस्टिकचे तुकडे मोडतात. दोन-तीनशे रुपयांच्या ट्यूबने आख्खी यंत्रणा बदलायची वेळ येते.

माझ्या मेहुण्याच्या गाडीचं हेच झालं. २०१२ ची सेडान, आमच्याच सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. एका गॅरेजने तिचं सनरूफ सिलिकॉनने बंद करून दिलं होतं. एक पावसाळा कोरडा गेला, दुसऱ्यात गाडीला कुबट वास येऊ लागला. आम्ही प्लॅस्टिकची पट्टी घेऊन ते सिलिकॉन खरवडायला बसलो, त्यात दोन दुपारी गेल्या. ब्लेड वापरलं नाही, कारण रंगावर आणि रबरावर चरे उमटले असते. काच मागे सरकल्यावर दिसलं की पन्हळीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत काळ्या लगद्याची वडी बसली आहे. बोटाने उचलली तर तिच्यात गुलमोहराच्या पर्णिका अजून ओळखू येत होत्या. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घेतली, तिचं टोक काडीपेटीने जरासं वितळवून गोल केलं आणि सावकाश नळीत सरकवली. हातभर गेल्यावर अडली. पुढे-मागे करत राहिलो. मग वरून तांब्याने थोडं थोडं पाणी सोडलं, आणि पुढच्या चाकामागे आधी तपकिरी थेंब आले, मग धार लागली, मग स्वच्छ पाणी. रबराची बिडिंग मूळचीच होती. ती आम्ही बदलली नाही. पुढच्या पावसाळ्यात गाडीत पाण्याचा एक थेंब आला नाही.

या कामात दोन चुका सर्रास होतात. पहिली, कंप्रेसरची हवा मारणं. जुन्या गाडीत नळी कडक झालेली असते आणि पन्हळीच्या तोटीवर नुसती बसवलेली असते. जोराच्या हवेने ती छताच्या आत तोटीवरून निसटते, मग सगळं पाणी थेट कापडावर. दुसरी चूक, स्पोकची किंवा तारेची काडी घालणं. तिने नळीला खांबाच्या आत भोक पडतं आणि ते शोधायला अर्धी गाडी उघडावी लागते. नळी निसटली किंवा फाटली असेल, तरच छताचं कापड उतरवायचं. ते काम कुशनवाल्याला बरोबर घेऊन करावं, कारण कापडाला एकदा मोड पडली की जात नाही.

पाणी आलं म्हणजे ते सनरूफचंच, असंही धरून चालू नका. कोरड्या दिवसात एसी चालवल्यावर पुढची बाजू ओली होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. वायपरच्या खालच्या जाळीत पानं साचली तरी पाणी पायाशी येतं. उतारावर गाडी नाक खाली करून लावल्यावर पुढे गळतं आणि सपाटीवर गळत नाही, किंवा वळणावर छतातून डचमळल्याचा आवाज येतो, तेव्हा बोट सनरूफच्या पन्हळीकडे दाखवायला हरकत नाही. आणि गळती थांबली म्हणजे काम संपलं असंही नाही. कार्पेट वरून कोरडं लागतं, खालचा फोम आठवडाभर पाणी धरून राहतो. कित्येक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट तिथेच, पायाशी असतात. कार्पेट उचलून फोम वाळवलाच पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांनी हिरवट झालेल्या पिना आणि विनाकारण लागणारे दिवे घेऊन इलेक्ट्रिशियनकडे जावं लागेल. डिकीत स्टेपनीखालचा खड्डाही बघा, मागच्या नळ्यांचं पाणी तिथे साठतं.

दुसरा मोठा गैरसमज मोटरचा. काच बंद होता होता परत उघडली की "मोटर जळली" असं जाहीर होतं. मोटर जळली असती तर काच हललीच नसती. बंद होताना वाटेत कुणाचा हात आला तर तो चिरडू नये म्हणून मोटर अडथळा जाणवताच उलटी फिरते. पटऱ्यांतलं ग्रीस वाळलं, त्यात धूळ बसली, की तिला हात आणि घर्षण यांतला फरक कळत नाही. पटऱ्या पुसून त्यांत योग्य ग्रीस लावलं की पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम होतं. बॅटरी काढून लावल्यावर काच अर्ध्यात थांबत असेल, तर मोटर आपलं मोजमाप विसरली आहे. बटण दाबून धरून ते पुन्हा शिकवता येतं. पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि ती गाडीबरोबरच्या माहितीपुस्तिकेत सहसा दिलेली असते. आधी ते आणि फ्यूज बघा, मग मोटरचं बोला.

काच तिरकी सरकत असेल तर मात्र बटणाला हात लावू नका. एकच मोटर दोन्ही बाजूंच्या केबल ओढते. एका बाजूचा प्लॅस्टिकचा गाइड तुटला की ती बाजू मागे राहते, आणि दर वेळी बटण दाबून तुम्ही दुसरीही तोडता. बऱ्याच जुन्या गाड्यांत छताच्या दिव्यामागे मोटरला ॲलन की लावायची जागा असते, तिने काच हाताने बंद करून गाडी गॅरेजला न्यावी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये अशा वेळी पूर्ण असेंब्ली बदलायला सांगतात, कारण सुटा गाइड त्यांच्या यादीतच नसतो. तो सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण जुन्या गाडीच्या किमतीशी तुलना केली तर तो खर्च परवडणारा नसतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी मोडीत निघालेल्या गाड्यांची असेंब्ली मिळते. ती घेताना पटऱ्या सरळ आहेत का आणि केबलचे दात झिजलेत का, हे हातात घेऊन बघा. गाडीचं मॉडेल आणि साल तंतोतंत जुळलं पाहिजे.

बाकीचे समज थोडक्यात.

"डब्ल्यूडी-४० मारलं की झालं." त्या नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे पाणी हटवणारं. टिकाऊ वंगण म्हणून ते पटरीत चालत नाही, उलट असलेलं ग्रीस धुऊन काढतं. रबराला सिलिकॉनचं वंगण लावा, इंजिन ऑइल नको. त्याने रबर फुगतं.

"वापरलंच नाही तर बिघडणार नाही." वर्षभर बंद ठेवलेलं रबर पत्र्याला चिकटतं आणि पहिल्याच उघडण्यात फाटतं. महिन्यातून एकदा तरी काच पूर्ण उघडा.

"इन्शुरन्समध्ये बसेल." दगड पडून काच फुटली तर बसेल, आणि काचेच्या भागांवर घसाराही कापत नाहीत. रबर आणि प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीच्या मजकुरात झीज, यांत्रिक बिघाड आणि विद्युत बिघाड स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. तुंबलेल्या नळीचा दावा तिथेच अडतो.

"काच वर-खाली झाली, रबर बदला." आधी काचेची उंची बसवून घ्या. तिला स्क्रू असतात आणि ती छताच्या पातळीत मिलिमीटरच्या हिशेबाने बसवायची असते.

मेहुण्याची गाडी अजून त्याच गुलमोहराखाली उभी असते, सोसायटीत दुसरी जागा नाही. या वर्षी मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही काच उघडून चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा कप पाणी ओतून पाहिलं. तीन ठिकाणी लगेच खाली थेंब आले. मागच्या डाव्या कोपऱ्यातलं पाणी जरा सावकाश उतरलं. त्या नळीत येत्या रविवारी दोरी घालायची आहे.