कांदा, निर्यातबंदी आणि मतपेटी

कांदा सरकारं पाडतो, असं आपण सहज बोलून जातो. 1980 साली इंदिरा गांधींच्या प्रचारात कांद्याचे भाव होते, 1998 साली दिल्लीत भाजपची सत्ता गेली ती कांदा महागला असतानाच. पण भावाचं मत कसं होतं, हे नीट पाहायचं तर 2023-24 मधला नाशिक जिल्हा पाहावा.

उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. टिकाऊ तोच. चाळीत भरून ठेवला की दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवावा लागतो. ऑगस्टनंतर चाळी रिकाम्या होऊ लागतात, लाल कांदा अजून शेतात असतो, त्यात पावसानं दगा दिला की शहरात भाव चढतात. अशा वेळी सरकारच्या हाताशी सर्वांत चटकन लागणारा उपाय म्हणजे निर्यात अडवणं. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनामागे 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरलं आणि 8 डिसेंबरला सरसकट बंदी आली.

शुल्क कागदोपत्री निर्यातदार भरतो. पण आखाती गिऱ्हाइकाला पाकिस्तानचा कांदाही मिळतो, त्याच्याकडून जास्त वसूल होत नाही. मग व्यापारी लासलगावच्या लिलावात बोलीच खाली लावतो. डिसेंबरची बंदी तर नेमकी लाल कांद्याची आवक सुरू असताना आली. हा कांदा साठवून टिकत नाही. पडेल त्या भावाला द्यायचा किंवा सडू द्यायचा.

आता राजकीय हिशेब. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा अवघा 0.64 टक्के. बंदीमुळे शहरी घराचे काही रुपये वाचतात, पण न झालेल्या महागाईबद्दल कोणी आभार मानत नाही. उत्पादकाचं मात्र वर्षाचं गणित मोडतं, आणि असे उत्पादक ठरावीक मतदारसंघांत एकवटलेले असतात.

तरी निव्वळ नुकसानीपेक्षा दुजाभाव जास्त झोंबतो, असं मला वाटतं. एप्रिल 2024 मध्ये, बंदी चालू असतानाच, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. महाराष्ट्रात ओरड उठली. 4 मे रोजी बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क मागे ठेवूनच. पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधान बोलत असताना एका तरुणानं कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला. 20 मे रोजी लोकसभेचं मतदान झालं आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून अधिक मतांनी हरल्या. संविधान, मराठा आरक्षण हे मुद्देही होतेच. सगळं कांद्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

कारण सहाच महिन्यांत चित्र उलटलं. 13 सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, शरदात भावही बरे मिळाले, आणि ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिलांच्या खात्यात महिना 1,500 रुपये येऊ लागले होते. नोव्हेंबरच्या विधानसभेत नाशिक जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीनं जिंकल्या. उरलेलं शुल्क हटलं ते 1 एप्रिल 2025 ला, निवडणुका उरकल्यावर आणि भाव घसरू लागल्यावर.