आधी नहर, मग शहर

पाणचक्कीला आलेला पाहुणा हौदाच्या कठड्याशी उभा राहतो, कोसळणाऱ्या पाण्यासोबत फोटो काढतो आणि बीबी का मकबऱ्याकडे रिक्षा वळवतो. आपल्यासमोरच्या हौदाखाली एक दालन आहे, हे त्याला क्वचितच ठाऊक असतं. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. डोक्यावर सदैव पाणी, त्यामुळे मे महिन्यातही तिथे गारवा असतो. डोंगराकडून खापरी नळांतून आलेलं पाणी आधी उंच भिंतीत चढतं, खाली पडताना त्याच्या जोरावर जातं फिरतं, मग ते हौदात साठतं आणि साठता साठता खालची खोली थंड ठेवतं. जात्यातलं पीठ बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात उतरणाऱ्यांच्या भाकरीसाठी असे. वीज नाही, इंधन नाही, आणि एकाच पाण्याला चार कामं!

हल्ली 'स्वयंपूर्ण आदर्श वसाहत' हे शब्द प्रत्येक आराखड्याच्या मुखपृष्ठावर असतात. कामगार आणि कारागीर जिथे राहतात तिथेच त्यांना काम मिळावं, पाणी, शाळा, दवाखाना, बाजार पायी जाण्याच्या अंतरावर असावा, ही कल्पना चांगलीच आहे. छत्रपती संभाजीनगरला मात्र ती नवी नाही. चारशे वर्षांत ती या शहरात निरनिराळ्या हातांनी पुन्हा पुन्हा मांडली गेली, आणि प्रत्येक वेळी काहीतरी विसरलं गेलं.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावठाणावर निजामशाहीची राजधानी वसवायला घेतली. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला होता. गावाचं नावच खडकी, म्हणजे जमीन कशी असेल ते वेगळं सांगायला नको. खाम नदी बारमाही भरवशाची नाही. तेव्हा अंबरने उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. ठरावीक अंतरावर मनोरे बांधून त्यांतून हवा बाहेर काढायची, दाब सांभाळायचा, उतारावर पाणी आपसूक चालत ठेवायचं. जुन्या शहरात या मनोऱ्यांना बंबे म्हणतात. पुढे मोगल काळात तिच्या जोडीला आणखी नहरी आल्या. थत्ते नहर, पळशी नहर, पाणचक्कीची नहर ही त्यांतली काही नावं. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद त्याच थत्ते नहरीवरचा.

मग पुरे वसले. मालोजीपुरा, विठोजीपुरा, खेलोजीपुरा ही नावं अंबरच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांची. पुढच्या काळातले करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा हे रजपूत सरदारांचे. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे ही इथली लाडकी गणती. तिचा नेमका हिशोब कोणी मागू नये! सरदार आला की त्याच्यामागे त्याची फौज, फौजेमागे लोहार, चांभार, शिंपी, रंगारी, कुंभार. गुलमंडीच्या आसपास रंगार गल्ली आणि कुंभारवाडा अजूनही नावाने जिवंत आहेत. गल्लीला धंद्याचं नाव पडतं तेव्हा कोणीतरी तिथे पिढ्यान् पिढ्या तो धंदा केलेला असतो. आणि रंगाऱ्याला कापड धुवायला, कुंभाराला माती भिजवायला पाणी लागतंच. म्हणून ही वसाहत मला घरांपेक्षा पाण्याने आखलेली वाटते.

शहराबाहेर याचं आणखी साधं उदाहरण आहे. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्या काळाशी हातकागदाच्या या गावाची परंपरा जोडली जाते. कागद करायला चिंध्या लागतात, त्या कुजवायला-कुटायला पाणी लागतं, लगद्यातून चौकटीवर उचललेला ताव वाळवायला ऊन आणि भिंत लागते. इथे घर आणि कारखाना वेगळे नाहीत. घराची भिंत हेच यंत्र! नगररचनाकाराच्या नकाशात निवासी विभागाला पिवळा रंग असतो आणि औद्योगिक विभागाला जांभळा. कागजीपुऱ्याच्या भिंतीला कोणता द्यायचा?

हिमरूची गोष्टही अशीच. हिमरूमध्ये ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. जरीच्या किंमती किनखापासारखं दिसणारं, पण परवडणारं कापड. त्याचा पारंपरिक माग एका माणसाचा नसतो. एक जण विणतो आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोरे ओढतो. म्हणजे मागाला खाली खड्डा हवा, वर उंची हवी, दोन माणसं हवीत. हा माग दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कसा मावेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय कारागिरांसाठी वसाहत आखली, तर घर मिळालेला कारागीर पहिलं काम करतो ते माग विकण्याचं.

जुन्या शहराचं फार गुणगान करायलाही नको. त्याने पाणी आणलं, गिऱ्हाईक मात्र दरबारावर सोपवलं. पुढच्या काळातल्या, निजामशाहीहून वेगळ्या निजामाची राजधानी १७६३ मध्ये इथून हैदराबादला गेली. राजधानीबरोबर खर्च करणारी माणसं गेली आणि हिमरू-किनखाप विणणाऱ्यांची मागणीही आटत गेली. नहरी वाहत होत्या, पण विणलेलं कोणाला विकायचं? स्वयंपूर्णतेचा हा दुसरा पाय. पाणी आतून येतं, पैसा बाहेरून यावा लागतो, आणि तो एकाच थैलीतून येत असेल तर थैली उठून गेली की पुरा ओस पडतो. येवल्याचा दाखला याउलट आहे. रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर येवल्यात आणून वसवले असं सांगतात. आज पैठणी म्हटलं की गिऱ्हाईक आधी येवल्याला जातं. नाव पैठणचं, बाजार येवल्याचा. पैठणला राज्य लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. तिथे माग चालताना बघता येतात. पण एका केंद्राने गाव उभं राहत नाही, त्याला पेठ लागते.

विसाव्या शतकात वसाहतीचं काम सरदाराकडून महामंडळाकडे आलं. सिडकोची स्थापना १९७० ची, आणि १९७२ मध्ये तिच्याकडे नव्या औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, काम आलं. साल लक्षात ठेवावं, महाराष्ट्रातल्या दुष्काळाचं साल. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढत होती, माणसं खेड्यांतून शहराकडे येत होती. सिडकोने एन-वन, एन-टू अशा क्रमांकांचे भाग पाडले, वीस हजारांहून जास्त घरं उभी केली. रस्ते रुंद, शाळेला जागा, बाजाराला जागा, बागा. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं स्वतःचं घर हे सिडकोचं. घरांची वाटणी मात्र उत्पन्नाच्या गटांवर होती. अल्प उत्पन्न गट, मध्यम उत्पन्न गट. तुम्ही काय कमावता हे अर्जात विचारलं होतं, काय करता याला रकाना नव्हता. सुतार आणि कारकून शेजारी आले हे उत्तमच झालं, पण सुताराचा रंधा चालवायला ओटा कुठे होता?

वाळूजला उलटं घडलं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले. काम भरपूर, राहायची सोय तोकडी. बजाजनगर वसलं, तरी येणाऱ्यांची संख्या त्याला पुरून उरली. मग रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर या गावांनी कामगार सामावून घेतले. शेतकऱ्याने गोठा मोडून खोल्या काढल्या. एका ओळीत आठ-दहा खोल्या, एक मोरी, पाण्याचा टँकर. ग्रामपंचायतीच्या अंगावर शहर येऊन बसलं आणि अंगरखा गावाचाच राहिला. तरी माणसं आपलं जग थाटतात. वाळूजच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला अशी गर्दी होते की, पाळी चुकवून मोठ्या पंढरपूरला जाता न आलेल्यांची एकादशी तिथेच साजरी होते. आराखड्यात कुठेही नसलेली ही गोष्ट मला वसाहतीची खरी खूण वाटते.

या साऱ्यात कामगाराला कोणी विचारलं का? महाराष्ट्रात ते विचारलं गेल्याचं ठसठशीत उदाहरण सोलापुरात आहे. तिथल्या विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था काढली. नेते होते नरसय्या आडम. कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये तिचं हस्तांतरण झालं. पुढे रे नगर या तीस हजार घरांच्या प्रकल्पाची कोनशिला २०१९ मध्ये बसली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या, रिक्षाचालक असे लाभार्थी. विडी वळायला सूप, तेंदूपत्ता आणि बसायला पडवी पुरते, म्हणून घर आणि काम एका छताखाली राहू शकतं. हिमरूच्या मागाला ते साधायचं तर घराची उंचीच वेगळी धरावी लागेल. धडा घराच्या नकाशात नाही, सभासदत्वात आहे. तिथे घर मिळणारी बाई संस्थेच्या सभेत उठून प्रश्न विचारते.

आता आपल्याकडे ऑरिक ही औद्योगिक नगरी आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर, दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. जमिनीचा सुमारे साठ टक्के भाग उद्योगांना आणि बाकीचा निवास, व्यापार, मोकळ्या जागा यांना, असा हिशोब. कामाला चालत जाता यावं ही भूमिका. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं. टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये इथल्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. कागदावर हे सगळं चोख आहे, आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहिली तर पाणचक्कीच्या हौदाशी नातं सांगणारं आहे.

मूळ पाणी मात्र जायकवाडीचं. १९७६ मध्ये पुरं झालेलं हे धरण पैठणला, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, खालच्या अंगाला. अंबरचं पाणी डोंगरातून उतरत यायचं, आपलं पंपाने चढवावं लागतं. वीज गेली की नळ गेला. शहराच्या कित्येक भागांत आजही आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी येतं, आणि त्या दिवशी रजा टाकणारी बाई प्रत्येक गल्लीत असते. कारागिराच्या घरात ती रजा म्हणजे बंद पडलेला माग.

बिडकीनचा रस्ता पुढे पैठणला जातो. त्याच रस्त्यावर एक कारागीर वसाहत आखायची ठरवलं, तर मी आराखड्याच्या पहिल्या पानावर घर काढणार नाही. छतावरचं पावसाचं पाणी साठवणारा एक मोठा हौद काढीन, आणि त्याच्या खाली गार दालन. त्या दालनात माग बसवीन. रेशमाच्या धाग्याला तापलेली कोरडी हवा सोसत नाही, तो तुटतो. विणकर सांगतात की, पावसाळ्यात हात भरभर चालतो. बाजूला रंगाऱ्याची धुण्याची जागा, तिचं पाणी गाळून झाडांना. दर्शनी बाजूला, वेरूळ-पैठण करणाऱ्या बसगाड्या थांबतील अशी पेठ, आणि तिचे गाळे विणकरांच्या संस्थेच्या नावावर. घरं दुसऱ्या पानावर. त्यांची उंची किती ठेवायची, हे वर बसून दोरे ओढणाऱ्याला विचारून.