पबजीतला झोन गोलच का असतो?

पबजीत झोन आकसायला लागला की सगळ्यांची पळापळ सुरू होते. पण हा झोन गोलच का? उत्तर एका हौशी माणसाच्या अडचणीत आहे.

आयर्लंडचा ब्रेंडन ग्रीन ब्राझीलमध्ये फोटोग्राफी आणि वेब डिझाइनची कामं करायचा. फावल्या वेळात तो 'आर्मा २' या लष्करी सिम्युलेशन गेमवरचा 'डे झी' हा मॉड खेळायचा. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूंनीच बदल करून तयार केलेला नवा खेळ.

२०१३ मध्ये ग्रीनने स्वतःचाच मॉड बनवला. नियम साधा होता: शेवटपर्यंत जो जगेल, तो जिंकेल. कल्पना 'बॅटल रोयाल' या जपानी चित्रपटावरून सुचली होती. तिथे नकाशाचे चौकोन पाडून धोक्याचे भाग ठरतात. तसं कोडिंग ग्रीनला जमण्यासारखं नव्हतं. मग त्याने सोपा मार्ग काढला, वर्तुळाचा!

पुढे दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये पबजी आला. भारतात २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, पण ते वर्तुळ काही गेलं नाही. फ्री फायरमध्येही खेळाडू आज त्याच्याच आत राहण्यासाठी धावतात.